छताजवळचे हँडल

निवृत्त गुरुजींचा हिशेब पक्का होता. वापरलेल्या गाड्यांच्या दुकानातील एक गाडी साध्या मॉडेलची, पण वयाने लहान आणि पेट्रोल बेताने पिणारी. दुसरी टॉप मॉडेल, परंतु वयस्कर आणि खर्चीक. दुसरीतून पत्नी छतालगतचे हँडल धरून अलगद उतरली. “थाट काय चाटायचाय?” म्हणत गुरुजींनी तिला पहिलीत बसवले. उतरताना तिचा हात वर चाचपडत राहिला; तिथे हँडल नव्हतेच. गुरुजींनी तत्परतेने आपला हात पुढे केला. तिने तो धरला नाही. “तुमचा हात आहेच हो,” ती हळूच म्हणाली, “पण परवा मला उठवता उठवता तुम्हीच बसलात ना खाली? उद्या दोघांना कोण उठवणार?” गुरुजींनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग टॉप मॉडेलपाशी जाऊन त्यांनी विक्रेत्याला अतिशय गंभीरपणे विचारले, “ते छताजवळचं हँडल ड्रायव्हरच्या बाजूलाही आहे ना?”