शेवाळ, माकड आणि डंपरभर खडी

"एकतीस वर्षं झाली, माझ्या शेवाळाला माकडाचं बोट लागलेलं नाही!" मठाची बाग राखणाऱ्या तोमोए आजींनी बांबूचा झाडू आपटून मठाच्या शुन्काई गुरुजींना सुनावलं.

मागे धप्प झालं. पर्सिमनच्या फळझाडावरून एक थोराड माकड उतरलं आणि पाटाएवढं शेवाळ उपटून खालचे किडे वेचायला लागलं.

"म्हणूनच तर इथं ओतायला खडी मागवलीय," गुरुजी म्हणाले. फाटकात पांढऱ्या खडीचा डंपर उभा होता. "आज खडी, उद्या बाक. लोक निवांत बसून माकडं बघतील."

"आणि शेवाळ?"

"आजी, माकड भांडतं, अंघोळ करतं, पोर पाठीवर घेऊन हिंडतं. लोक ओसाकाहून येतात. शेवाळ काय करतं?"

"काही करत नाही, तेच तर! माकडाला दोन दिवस उपाशी ठेवा, मठ डोक्यावर घेईल. याला दोन महिने पाणी नको. सुकून मिटून पडेल, अन् एक सर आली की पुन्हा हिरवं. मूळ नाही, दात नाही, कुरकुर नाही. तुम्ही लहानपणी यावर मुतायचात, तरी टिकलं!"

डंपरवाला खिडकीतून खिदळला. गुरुजींचं टक्कल लाल झालं.

"माकडाला तुम्हीच बोलावलंत. झाडाची सगळी फळं उतरवली, मग शेंड्यावरचं ते एकच कशाला ठेवलंत?"

"शेवटचं फळ झाडाचं असतं. तुमच्या वडिलांनीच शिकवलंय."

"उतरवा ते!"

"नाही उतरवत."

आजींनी चपला काढल्या. शेवाळावरून अलगद चालत गेल्या, माकडाला झाडूनं हुसकलं, उपटलेला तुकडा जागेवर बसवून थोपटला आणि शेजारी मांडी घातली.

"ओता खडी. माझ्यासकट ओता."

"घे रे मागे!" गुरुजी ओरडले. "जवळ आलास की उठतील आपोआप!"

आजी हलल्या नाहीत. बागेच्या कडेला गुरुजींची नवी कोरी गाडी होती. तिला वळसा घालत डंपर मागे यायला लागला.

माकड चिडून झाडावर गेलं होतं. तिथं त्यानं ते शेवटचं फळ तोडलं आणि कचकन चावलं. फळ कच्चं होतं, तुरट जहर. माकडाचं तोंड आक्रसलं, डोळे फिरले. त्यानं फळ जीव खाऊन भिरकावलं.

ते डंपरच्या उघड्या खिडकीतून आत गेलं आणि डंपरवाल्याच्या कानावर फुटलं. दचकून त्याचा हात खडी ओतायच्या दांड्यावर पडला.

खडी ओतली गेली. सगळी, गुरुजींच्या गाडीवर.