हात फिरवला की

मुलगी टोपली घेऊन स्वयंपाकघरात आली तेव्हा बाबा मटार सोलत बसले होते आणि आतल्या खोलीत मांजर गुरगुरत होतं.

ते यंत्राचं मांजर. आई गेल्यावर वाकून मांजराचं करणं बाबांना जमेना, म्हणून आईची मांजरी ठकी मुलीनं आपल्या घरी नेली आणि बदल्यात हे आणून दिलं. खाणं नको, घाण नको. पाठीवरून हात फिरवला की गुरगुरतं, हात काढला की गप्प.

"बाबा, बिघडलं का हो ते? आत तर कुणी नाही."

"बिघडायला काय झालंय त्याला?" बाबांनी शेंग फोडली. "दुपारची ती बसते जरा तिथं."

मुलगी टोपली खाली ठेवून पुढं झाली. ती दारातून डोकावली. आईच्या रिकाम्या खुर्चीला लागून स्टूल, स्टुलावर मांजर. गुरगुर चालूच.

टोपलीत ठकी ओरबाडायला लागली. घरी काही केल्या खात नव्हती, म्हणून मुलीनं आज तिला बरोबर आणलं होतं. झाकण उघडताच ठकी सुसाट आत धावली. यंत्राकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. टुणकन खुर्चीवर चढली.

गुरगुर थांबली.

मग दुसरी सुरू झाली, घोगरी, तुटक. ठकीची. तिच्या मानेपासून शेपटीपर्यंतचे केस हळूहळू दबत गेले, उठले, पुन्हा दबत गेले.

बाबा हात पुसत आले. यंत्र उचलून त्यांनी काखेत धरलं.

"मी रोज समोर बसतो," ते म्हणाले, "मला काही ती शिवत नाही."

"बाबा, माझ्याकडे चला. आत्ताच्या आत्ता."

"आणि हिला एकटीला टाकून?"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. मुलीनं रिकामी टोपली उचलली, चपला पायात सरकवल्या.

"अगं, आईला सांगून जा," बाबा म्हणाले. अगदी पूर्वीसारखं.

ती आतल्या खोलीच्या दारात येऊन घुटमळली. खुर्चीकडे न बघता कसंबसं म्हणाली, "आई, येते गं."

ठकीच्या पाठीवर दबत चाललेले केस अर्ध्यावरच थांबले. तिनं मान वर केली. मग तिची नजर खुर्चीपासून सावकाश, पावलापावलानं, दाराकडे सरकत आली.