गेनूआबांची डबी

“एचआयव्हीला गोळ्यांनी धरून ठेवलंय, पण ही विडीच तुम्हाला नेणार! सोडा ती,” औषधाच्या खिडकीतल्या मॅडम गेनूआबांवर खेकसल्या.

“विडी गेली, तर तुमच्या गोळ्याही गेल्या,” आबा गुरगुरले.

ही धमकी समजून मॅडमनी त्यांच्या हातातली डबी हिसकावली. वर चार विड्या होत्या, खाली आठवड्याच्या गोळ्या.

“तीन सुना घर धुंडाळतात, या घाणेरड्या डबीला तेवढं कुणी शिवत नाही. रात्री आठला विडीच्या नावानं परसात जातो नि गोळी गिळतो. आजार कळला, तर ताट वेगळं करतील माझं!”

मॅडमनी शेजारच्या दातांच्या विभागातून कवळीची रिकामी डबी आणून आदळली. “हिलाही कुणी शिवणार नाही.”

“बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत माझे!”

“मग तोंड मिटून राहा.”

महिन्यानं आबा धुमसतच उगवले. “विडी सुटली, पण मटणही सुटलं! सुना मऊ भात कालवून देतात.”

मॅडमनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. एकही चुकली नव्हती.

“चुकेल कशी?” आबांनी दातओठ खाल्ले. “आठ वाजले की सगळं घर ओरडतं, ‘आबा, कवळी धुवा!’”