सहावा गडी

कोच हॉलिस गेले आणि जाताना लिहून गेले, की माझी शवपेटी माझ्याच जुन्या खेळाडूंनी उचलायची. टेक्सासातल्या त्या एवढ्याशा गावात अमेरिकी, हातांनी खेळायच्या फुटबॉलचा संघ मुळात सहाजणांचा, आणि पेटीलाही सहाचजण लागतात. तरी कोचच्या स्वयंपाकघरात तासभर वाद चालला होता, कारण चेंडू फेकणारे क्वार्टरबॅक तीन आणि झेलणारे रिसीव्हर पाच अजून हयात होते.

"रॉस्कोला गुडघ्यामुळे चालवत नाही आणि मर्लचा काही भरवसा नाही," यादी करणारा ड्वेन म्हणाला. "क्वार्टरबॅक म्हणून मी आहेच. क्लीटस डावरा, त्याला डावीकडे घेऊ. पण वेंडेलला मी पेटीला हात लावू देणार नाही, बाई."

"का रे?" कोचच्या बायकोनं, अर्लीनबाईंनी विचारलं.

"फायनलला हातात आलेला चेंडू सोडला त्यानं. आसपास चिटपाखरू नव्हतं. एक्केचाळीस वर्षं झाली, गाव अजून विसरलेलं नाही. उद्या कोचनाच सोडलं म्हणजे?"

"चेंडू वाकडा आला होता, असं हे घरी म्हणायचे," बाई त्याच्या कपात कॉफी ओतत म्हणाल्या. "फेकला कुणी होता रे तो?"

ड्वेननं यादीत सहावं नाव वेंडेलचं लिहिलं.

दफनाच्या दिवशी खड्ड्यापाशी पेटी टेकवून पाचजणांनी हात काढून घेतले. पाद्रीबुवांची प्रार्थना संपली, लोक निघाले, तरी सहावा हात कडीवर तसाच घट्ट.

"वेंडेल, आता सोड," ड्वेन चौथ्यांदा कुजबुजला.