तुरटीचे सात थर

"हात पुढे कर," धुरपदाबाई म्हणाली.

मनकर्णाने दोन्ही तळवे उघडले. कडबा कापताना पडलेल्या चिरा अजून ओल्या होत्या.

धुरपदाबाईने तुरटीच्या दाट पाण्यात बोळा बुडवला. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात सुईणीचे काम शिकून ती तीन महिन्यांपूर्वी खकनारजवळच्या या गावात आली होती. तुरटी तिच्या रोजच्या हाताखालची. घसा धरला तर गुळण्या, रक्त थांबेना तर भिजवलेली घडी, पाणी गढूळ आले तर हंड्यात दोन फेरे. शहरातल्या राजपुऱ्यात वडिलांचे रंगारीकाम होते. तिथे तुरटीशिवाय लाल रंग कापडाला धरत नसे. नाटकवाल्यांचे पडदे वडील तुरटीच्या पाण्यातून सात वेळा काढून वाळवत. मग मशालीची ठिणगी पडली तरी पडदा पेटत नसे.

हे शेवटचे तिने मनकर्णाला सांगितले नाही. ही भोळी बाई पंचांसमोर बोलून बसली असती.

"चिरा भरतील याने," ती एवढेच म्हणाली.

"आता भरून काय करायच्या, बाई?"

यादव पाटलांचा नातू तापाने गेला होता. आदल्या दिवशी मनकर्णाने त्याला कडेवर घेतले होते. तिला नवरा नव्हता, मूल नव्हते. गावाला तेवढे पुरले. आज दुपारी दिव्य होते: तापलेला नांगराचा फाळ तळव्यांवर घेऊन पाच पावले चालायचे. डाकीण ठरली तर दगडांनी मारणार. खकनारच्या ठाण्यावर निरोप गेला होता, पण जमादार दौऱ्यावर होता.

"भ्याव वाटतं?"

"भाजायचं भ्याव नाही," मनकर्णा म्हणाली. "फाळ चांगला लाल होऊ द्या म्हणावं. पाटलांना सांगाल?"

दुःखाने हिचे डोके फिरले, असे धुरपदाबाईला वाटले. तिने वारा घातला, थर वाळू दिला, पुन्हा बोळा बुडवला. असे सात वेळा. पांढरेपणा दिसू नये म्हणून वरून चुलीतली राख चोळली.

दारात पाटलीण मालूबाई येऊन उभी राहिली. "काहो शहरवाली बाई, तुमच्या पुडीनं डाकीणपण बरी होते का?"

"चिरा धुते आहे."

"धुवा, धुवा. फाळ हातावर आला की दिसेलच सगळं."

"दिसेलच," धुरपदाबाई म्हणाली. आईने लहानपणी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत खऱ्या बाईला विस्तव लागत नसे.

दुपारी पिंपळाखाली गाव जमले. लोहाराने सांडशीने फाळ उचलून मनकर्णाच्या तळव्यांवर ठेवला. ती पाच पावले चालली आणि फाळ खाली टाकला. खालचा कडबा भपकन पेटला.

पाटलांनी तिचे तळवे धरले, राख पुसली, निरखून पाहिले. चिरा होत्या. फोड एकही नव्हता.

"पाहा!" धुरपदाबाई पुढे धावली. "एक डाग नाही!"

मालूबाई पदर ओढून मागे सरकली. मनकर्णा आपल्या हातांकडे बघत राहिली, मग तिने धुरपदाबाईकडे पाहिले.

"माणसाची कातडी भाजते, बाई," यादव पाटील म्हणाले आणि खाली वाकून त्यांनी पहिला दगड उचलला.