एकच चिठ्ठी

बाइंडरकाकांना रस्त्यात सापडलेल्या वस्तू जपायची हौस होती. बटण, गोटी, किल्ली, जे मिळेल ते बिस्किटांच्या डब्यात जायचं आणि प्रत्येक वस्तूवर खळीने तारखेची चिठ्ठी चिकटायची. "लोक फिरून ताजेतवाने होऊन येतात, हे कचरा घेऊन येतात," असं काकू कौतुकाने सांगायच्या.

अलीकडे तर सोयच झाली होती. काकांना तपकिरी बटण सापडलं आणि बरोबर आठव्या दिवशी त्यांच्याच सदऱ्याचं तसलंच बटण हरवलं. मग कपाटाची किल्ली आधी सापडली आणि तीही बरोबर आठव्या दिवशी हरवली. सापडलेली किल्ली कुलपाला बिनतक्रार लागली. काका कारण शोधत बसले नाहीत. फुकटच्या सोयीला नावं ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आज संध्याकाळी त्यांना फुटपाथवर काकूंची अंगठी सापडली. हिरव्या खड्याची, एका बाजूला चेपलेली.

काका धापा टाकत घरी पोचले. काकू चहा ओतत होत्या. अंगठी बोटातच होती. सांधे सुजल्यापासून ती साबण लावूनही निघत नसे.

काकांनी मूठ उघडली. काकूंनी शांतपणे पाहिलं आणि पदराची गाठ सोडली.

"मला हा फाटकाशी मिळाला. म्हटलं, तुम्हाला कसं सांगावं?"

तो काकांचा सोन्याचा दात होता. काकांनी जीभ फिरवली. दात जागेवर होता.

"आजच?" त्यांनी विचारलं.

"आजच."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खळीची वाटी जवळ ओढली.

"चिठ्ठी एकच लावा," काकू म्हणाल्या.