दगडाची चिठ्ठी

पडदा सरकला आणि आरमोरीच्या कॉलेजातल्या गॅदरिंगमध्ये हजार वर्षांपूर्वीचा युरोप अवतरला. लाकडी पायऱ्यांवर संघप्रिया मॅडमनी अकरावीची मुलं बसवली होती. सर्वांत वर देवाची रिकामी खुर्ची, तिच्याखाली पुठ्ठ्याच्या पंखांचे देवदूत, मग राजा, सरदार, शेतकरी, बैल, झाड आणि तळाला राखाडी चादर पांघरलेला दगड. देवानेच प्रत्येकाला जागा नेमून दिली आहे, असं तेव्हाचे ख्रिस्ती लोक मानत, हे मॅडम माइकवरून सांगत होत्या. इथल्या जागा मात्र त्यांनी चिठ्ठ्या टाकून नेमल्या होत्या. तिथंच घोटाळा झाला.

राजाची चिठ्ठी निघाली शिपाई सुकलूच्या चंचलला. दगडाची निघाली प्रणितला, आणि प्रणित म्हणजे संस्थेचे सचिव बापूजी यांचा एकुलता एक मुलगा.

पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून उठून बापूजी थेट पायऱ्यांपाशी आले.

"मॅडम, माह्या पोऱ्याले खाली काऊन बसवलं?"

"चिठ्ठी निघाली तशी, सर. आणि हे आपलं नाही, तिकडचं आहे, जुनं."

"तिकडचं तिकडं. इथी सारं गाव पाहून राह्यलं. त्याले राजा करा, अन् सुकलूच्या पोरीले बसवा खाली."

मॅडमची नोकरी तासिकांवरची. जूनमध्ये परत घ्यायचं की नाही, ते बापूजींच्याच हाती. त्यांना आधी राग आला, मग भीती वाटली, आणि भीतीनेच बाजी मारली. ‘बरं’ हा शब्द अगदी ओठांवर आला. स्वतःची लाज वाटली, तरी आला.

वर चंचलने काही न विचारता मुकुट काढायला हात उचलला. मंडपाच्या दाराशी तिचा बाप सुकलू जमिनीकडे बघत उभा होता.

तेवढ्यात तळाच्या राखाडी चादरीखालून आवाज आला.

"चंचल, राहू दे मुकुट."

मॅडमनी ओठांवरचं ‘बरं’ गिळलं. "सर," त्या म्हणाल्या, "चिठ्ठ्या आता बदलणार नाही."

बापूजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी चादरीला हात घातला. "प्रणित, ऊठ."

चादर आतून घट्ट धरलेली होती.

"दगडाले उठता येते का, बाबा? तुमीच जरा बाजूले व्हा. मांगच्या लोकायले दिसून नाई राह्यलं."